पुदिन्याची हिरवी स्मूदी घरी कशी करायची?

एप्रिल-मेमध्ये चांदवडला दुपारी महामार्गावर उतरलं की पाय आपोआप रसवंतीकडे वळतात. सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याचा, कमी पावसाचा हा भाग. उन्हाळ्यात घशाला कोरड पडते आणि थंड बाटलीवर सहज पैसे जातात. त्याऐवजी बाजारातली पुदिन्याची एक जुडी, काकडी आणि घरचं दही एवढ्यावर दोन ग्लास हिरवी स्मूदी होते. पण समाजमाध्यमांवर तिला 'हिमोग्लोबिन वाढवणारी', 'शरीर शुद्ध करणारी' अशी बिरुदं लावली जातात. ती जशीच्या तशी खरी नाहीत आणि काही जणांनी तर ती जपूनच प्यायला हवी. म्हणून आधी कृती, मग बाकीचं.

साहित्य (दोन ग्लास)

पुदिन्याची 20 ते 25 पानं, पालकाची 8-10 कोवळी पानं, एक मध्यम काकडी, पाऊण वाटी ताजं दही, पेराएवढं आलं, अर्ध्या लिंबाचा रस, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर काळं मीठ आणि बर्फाचे चार-पाच खडे. गोडीसाठी 20-25 हिरवी द्राक्षं किंवा अर्धं पिकलेलं केळं.

चांदवड-निफाड भागात जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत द्राक्षं मुबलक असतात, तेव्हा केळ्याची गरज नाही. हंगाम संपला की केळं किंवा पेरू. डाळिंबही याच भागातलं, पण ते यात घालू नका. लाल आणि हिरवा एकत्र आले की रंग चिखलासारखा होतो आणि घरातलं कुणी ग्लासाला हात लावत नाही.

कृती

पुदिन्याचे देठ काढा. देठ मिक्सरमध्ये नीट वाटले जात नाहीत आणि पिताना दोरे तोंडात येतात. काकडीचं टोक कापून चाखा. कडू लागली तर दुसरी घ्या.

आपल्याकडच्या मिक्सरच्या मोठ्या भांड्यात थोडी पानं टाकली तर ती कडेला चिकटून बसतात. त्यामुळे आधी चटणीच्या छोट्या भांड्यात पुदिना, पालक, आलं आणि दोन-तीन चमचे थंड पाणी घालून बारीक वाटा. मग मोठ्या भांड्यात हे वाटण, काकडीच्या फोडी, द्राक्षं, दही, जिरेपूड, मीठ आणि बर्फ घालून थांबून थांबून फिरवा. मिक्सर सलग चालवला की भांडं तापतं आणि पुदिन्याचा ताजा वास कमी होतो. लिंबू अगदी शेवटी, ग्लासात ओतल्यावर पिळा. गाळू नका. गाळली की पालेभाजीचा चोथा, म्हणजे तंतुमय भाग, गाळणीत राहतो.

रंग काळपट का होतो?

याला दोन कारणं आहेत. पान चिरलं किंवा वाटलं की त्यातली विकरं हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने पानातल्या पॉलीफेनॉल द्रव्यांवर काम करतात आणि तपकिरी रंग येतो. कापलेलं सफरचंद लाल पडतं तसंच हे. दुसरं कारण आंबटपणा. हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असतं, आम्लामुळे ते निसटतं आणि रंग मेंदीसारखा मळकट होतो. लिंबू शेवटी पिळायचं ते यासाठीच. पाहुण्यांसाठी करायची असेल तर पानं 15-20 सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. विकरं थंडावतात आणि रंग टिकतो. क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, पण रोजच्या घरच्या ग्लासासाठी हा खटाटोप करायची गरजही नाही.

पुदिना थंड असतो का?

थंड वाटतो, पण शरीराचं तापमान उतरवत नाही. आपल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारा टीआरपीएम-8 नावाचा ग्राही असतो. मेंथॉल त्यालाच चाळवतं आणि मेंदूला गारवा जाणवतो. हा ग्राही शोधण्यात मेंथॉल वापरणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरच्या चटणीचा नेहमीचा पुदिना बहुधा स्पिअरमिंट जातीचा असतो. त्याचा वास मुख्यतः कार्व्होन या द्रव्याचा, मेंथॉल त्यात अगदी कमी. म्हणून त्याची चव पेपरमिंटच्या गोळीसारखी झोंबत नाही. उन्हात खरा उपयोग होतो तो पाण्याचा आणि मिठाचा.

हिमोग्लोबिनचं काय?

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. साहजिकच 'हिरवं प्या, रक्त वाढेल' हा सल्ला पटकन पटतो. पालकात लोह असतं, पण त्यातलं फार थोडं शरीरात शोषलं जातं. पुदिन्यातली पॉलीफेनॉल द्रव्यं लोहाचं शोषण अडवतात आणि दह्यातलं कॅल्शियमही थोडं अडवतं. लिंबाचं क जीवनसत्त्व मदत करतं, पण एवढं सगळं भरून काढण्याइतकी नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चालू ठेवा आणि या स्मूदीबरोबर घेऊ नका, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. गोळ्या सोडून ग्लासावर विसंबणं महागात पडतं.

कुणी जपावं?

मुतखडा झालेल्यांनी कच्चा पालक वगळावा. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडून लघवी घट्ट झाली की खड्याचा धोका आणखी वाढतो. पालकाशिवाय, नुसत्या पुदिना-काकडीचीही स्मूदी चांगली लागते. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमरॉल घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये. त्यातल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. पुदिन्याने छातीत जळजळ वाढत असेल तर पानं कमी करा. मधुमेह असेल तर केळं नको, द्राक्षंही मोजकीच.

मधाबद्दलही एक सांगायला हवं. मध 'नैसर्गिक' म्हणून दोन-दोन चमचे घातला जातो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात तो साखरेतच धरला जातो.

काही जण यात कच्च्या दुधीचा रस मिसळतात. दुधी कडू असेल तर तो प्राणावर बेतू शकतो. अशा मृत्यूंनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस पिऊ नये आणि तो दुसऱ्या रसात मिसळू नये, असं बजावलं होतं. कडवटपणा मिठा-लिंबात झाकला जातो, धोका मात्र तसाच राहतो.

पानं धुताना

पुदिना ओलाव्यात वाढतो आणि काही ठिकाणी सांडपाण्यावरही पिकवला जातो. कच्चा प्यायचा म्हटल्यावर धुणं हे निम्मं काम आहे. जुडी सोडा, पिवळी पानं काढा, पातेल्यात पाणी घेऊन पानं दोन-तीनदा खळबळा आणि शेवटी पिण्याच्या पाण्याने धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की सगळे जंतू मरतात असं समजू नका. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर वर सांगितल्याप्रमाणे पानं उकळत्या पाण्यातून काढावीत. अशा वेळी 15-20 सेकंदांऐवजी मिनिटभर ठेवा.

टँकरच्या दिवसांत एवढं पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न चांदवडकरांना पडेलच. धुतलेलं पाणी फेकू नका, ते पुदिन्याच्या कुंडीत घाला. कुंडी नसेल तर जुडीतल्या जाड काड्या पाण्याच्या बाटलीत उभ्या ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात, मग त्या पसरट कुंडीत लावून अर्ध्या सावलीत ठेवा.