स्नोड्रॉपचे फूल आणि सात लाख सह्या

शाळेची घंटा होते, मूल फाटकातून आत जाते आणि आई घराकडे वळते. त्या घटकेपासून शाळा सुटेपर्यंत आपला जीव की प्राण तिने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेला असतो. त्यासाठी कोणी करारनामा लिहून घेत नाही. शाळा ही देवळाइतकीच निर्भय जागा आहे, एवढ्या एका विश्वासावर साऱ्या जगातील आया हे रोज करीत आल्या आहेत. हा विश्वास एखाद्या सकाळी कोसळून पडला, तर मागे राहिलेल्या आईबापांनी काय करावे?

हा प्रश्न आज आपल्यालाही अगदी परका राहिलेला नाही. मंडळाच्या कित्येक भगिनींची मुले-सुना अमेरिकेत आहेत, नातवंडे तिकडच्या शाळांत शिकतात. दिवे मालवून, दार लावून, वर्गाच्या कोपऱ्यात आवाज न करता बसण्याची कवायत त्या चिमुरड्यांकडून करून घेतली जाते. बंदूकधारी माणूस शाळेत शिरला तर काय करायचे, याची ती तालीम असते. हे फोनवर ऐकताना इकडे आजीच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी स्कॉटलंडमधील डनब्लेन या लहानशा गावाचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

डनब्लेन हे स्टर्लिंग शहराजवळचे, जुन्या कॅथीड्रलभोवती वसलेले शांत गाव. १३ मार्च १९९६ रोजी, बुधवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास तेथील प्राथमिक शाळेच्या व्यायामगृहात पहिलीची पाच-सहा वर्षांची मुले जमली होती. इतक्यात एक त्रेचाळीस वर्षांचा इसम चार पिस्तुले घेऊन आत शिरला. तीन-चार मिनिटांत त्याने शंभरावर गोळ्या झाडल्या. सोळा बालके आणि त्यांच्या शिक्षिका ग्वेन मेयर मृत्युमुखी पडल्या. व्यायामगृहातील दोघी कर्मचारी स्त्रियाही जखमी झाल्या. तशाही अवस्थेत त्यांनी काही मुलांना सामानाच्या खोलीत आसरा दिला. शेवटी त्या इसमाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. पुढे टेनिसमध्ये जगज्जेता ठरलेला अँडी मरे त्या दिवशी आठ वर्षांचा होता आणि याच शाळेत होता.

बातमी कानी पडताच गावातील आईबाप होते त्या स्थितीत शाळेकडे धावले. फाटकाशी गर्दी झाली. एकेका वर्गाची मुले बाहेर येऊ लागली, ज्याचे त्याला मूल मिळू लागले. ग्वेन मेयरबाईंच्या वर्गातील मुलांच्या पालकांना मात्र बाजूला बसविण्यात आले. आपले मूल जिवंत आहे की नाही, हे कळण्यासाठी त्यांतील काहींना दुपारपर्यंत कित्येक तास थांबावे लागले. त्या तासांची तुलना कशाशी करावी? पुढे चौकशीत या विलंबाबद्दल पोलिसांना दोष देण्यात आला. चौथ्या दिवशी रविवार होता आणि ब्रिटनमधील रीतीप्रमाणे तो मातृदिन होता. त्या दिवशी देशभर एक मिनिट शांतता पाळण्यात आली. राणी एलिझाबेथ व राजकन्या अ‍ॅन गावात येऊन शोकाकुल कुटुंबांना भेटल्या.

शोकाचा पहिला लोट ओसरल्यावर पालकांना जे कळले, त्याने दुःखात संतापाची भर पडली. मारेकऱ्याची चारही पिस्तुले चोरीची नव्हती. सरकारी परवाना काढून, कायद्याने घेतलेली होती. हा इसम मुलांसाठी क्रीडामंडळे चालवीत असे आणि त्याच्या वर्तनाबद्दल कित्येक पालकांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या होत्या. १९९१ साली एका पोलीस अधिकाऱ्याने तर, याचा परवाना काढून घेण्याचा विचार व्हावा, असे लेखी कळविले होते. परवाना काढून घेतला गेला नाही; उलट त्याचे नूतनीकरण होत राहिले. आईबापांना धोक्याची चाहूल लागली होती, त्यांनी ती वेळेवर सांगितलीही होती. ती ऐकून घेऊन त्यावर कृती करणारा कोणी भेटला नाही.

यानंतर गावाने काय केले, हा या इतिहासाचा खरा गाभा आहे. अ‍ॅन पिअर्स्टन नावाची एक गृहिणी आणि तिच्या दोन मैत्रिणी एकत्र आल्या. तिचे स्वतःचे मूल त्या दिवशी गेले नव्हते. पण दुसरीचे मूल गेले असता आपण दार लावून बसावे, हे तिला पटेना. कोणत्याही खाजगी माणसाजवळ पिस्तूल असू नये, एवढी एकच सरळ मागणी त्यांनी अर्जात मांडली आणि सह्या गोळा करण्यास आरंभ केला. मार्च महिन्यात त्या थंड प्रदेशात बर्फाळ जमिनीतून डोके वर काढणारे स्नोड्रॉप हे एकच पांढरे फूल फुललेले असते. त्याचेच नाव त्यांनी चळवळीला दिले. या स्त्रियांजवळ ना पैसा, ना पक्ष, ना राजकारणाचा अनुभव. तरीही काही महिन्यांतच सह्यांचा आकडा सात लाखांच्या वर गेला आणि कागदांचे ते गठ्ठे लंडनच्या पार्लमेंटपुढे ठेवण्यात आले.

विरोध झाला नाही असे समजू नये. नेमबाजीचे क्लब व पिस्तुलांचे शौकीन संघटित होते. एका माथेफिरूच्या कृत्याची शिक्षा हजारो सज्जनांना का, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही. राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी तर, कोणी क्रिकेटच्या बॅटीने मुलांना मारले तर बॅटींवरही बंदी घालणार का, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यावर इतका क्षोभ झाला की त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. भावनेच्या भरात कायदे करू नयेत, असाही उपदेश या बायकांना ऐकावा लागला. शोक करणाऱ्या स्त्रीला विचार करता येत नाही, ही समजूत किती जुनी आणि किती सार्वत्रिक आहे!

सरकारने न्यायमूर्ती लॉर्ड कलन यांच्याकडे चौकशी सोपविली. त्यांचा अहवाल ऑक्टोबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळांची सुरक्षितता वाढवावी, मुलांसाठी मंडळे चालविणाऱ्यांची नीट पारख व्हावी, परवान्यांचे नियम कडक करावेत, अशा शिफारशी त्यात होत्या. संपूर्ण बंदीपर्यंत मात्र तो गेला नव्हता. लोकमताचा रेटा त्याहून पुढे होता. फेब्रुवारी १९९७ मध्ये जॉन मेजर यांच्या सरकारने बहुतेक पिस्तुलांवर बंदी घालणारा कायदा केला, पण लहान मापाची, पॉइंट २२ ची पिस्तुले वगळली. मे महिन्याच्या निवडणुकीत टोनी ब्लेअर यांचा मजूर पक्ष निवडून आला आणि त्याच वर्षअखेर दुसरा कायदा होऊन तीही बंदीखाली आली. लोकांनी मोबदला घेऊन सुमारे १ लाख ६२ हजार पिस्तुले सरकारजमा केली. उत्तर आयर्लंड वगळता ब्रिटनभर हा कायदा लागू झाला. तो इतका कडक होता की २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील पिस्तूल-स्पर्धांसाठी खास सवलत द्यावी लागली.

या कायद्याने सारी हिंसा संपली असा दावा कोणी समंजस माणूस करणार नाही. २०१० साली कंब्रिया परगण्यात एका इसमाने बाराजणांना गोळ्या घातल्या. २०२४ च्या जुलैत साउथपोर्ट येथे नृत्यवर्गातील तीन चिमुकल्या मुली सुरीच्या वारांना बळी पडल्या. पण डनब्लेननंतर आजवर ब्रिटनमधील कोणत्याही शाळेत गोळीबाराचा तसा संहार झालेला नाही, हीही वस्तुस्थिती आहे.

मुले गमावलेल्या आईबापांचा मार्ग याहून बिकट होता. मिक नॉर्थ हे त्यांतील एक पिता. पत्नीचे आधीच निधन झालेले, आणि आता एकुलती एक पाच वर्षांची मुलगी गेली. त्यांनी विद्यापीठातील नोकरी सोडली आणि शस्त्रबंदीच्या कार्याला वाहून घेतले. चौकशीची काही कागदपत्रे शंभर वर्षे बंद ठेवण्याचा निर्णय झाला होता. त्याविरुद्धही आवाज उठला आणि २००५ साली त्यांपैकी बरीचशी खुली झाली. ते व्यायामगृह महिनाभराच्या आतच पाडून टाकण्यात आले आणि त्या जागी बाग करण्यात आली. जगभरातून आलेल्या देणग्यांतून २००४ साली गावात सर्वांसाठी एक क्रीडा व समाजकेंद्र उभे राहिले. शोकाला काही घडविण्याचे काम मिळाले म्हणजे तो नाहीसा होत नाही, पण माणसाला उभे राहता येते.

अमेरिकेतील आईबापांच्या वाट्याला मात्र असे यश आले नाही. त्या देशात शस्त्र बाळगण्याच्या हक्काला १७९१ पासून राज्यघटनेचे संरक्षण आहे. १४ डिसेंबर २०१२ रोजी न्यूटाऊन गावातील सँडी हुक शाळेत वीस बालके व सहा मोठी माणसे मारली गेली. त्या मुलांचे आईबाप राजधानीत जाऊन सिनेटरांना भेटले. शस्त्र विकत घेणाऱ्याची पूर्वचौकशी अधिक व्यापक करावी, एवढीच सौम्य सूचना एप्रिल २०१३ मध्ये सिनेटपुढे आली; तिला ५४ मते पडली, पण ६० हवी होती. इतकेच नव्हे, तर हा सारा प्रकार बनाव आहे, अशी आवई उठवून काही दुष्टांनी या आईबापांचा वर्षानुवर्षे छळ केला. शेवटी त्यांना न्यायालयात जाऊन दाद मिळवावी लागली.

तरी त्यांनी हाय खाल्ली नाही. त्यांच्या ‘सँडी हुक प्रॉमिस’ या संस्थेने, बिथरलेल्या मुलाची लक्षणे वेळीच ओळखून मोठ्यांच्या कानी घालण्याचे शिक्षण शाळाशाळांतून दिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंड येथे चौदा विद्यार्थी व तीन कर्मचारी बळी गेल्यावर, मुलगी गमावलेली लोरी अल्हाडेफ ही माता शिक्षण मंडळाची निवडणूक लढवून निवडून आली. शाळेतून थेट पोलिसांना इशारा देणारी मूक घंटा बसविण्याचा कायदा तिच्या मुलीच्या नावाने कित्येक राज्यांत झाला. २०२२ साली टेक्सासमधील युव्हाल्डी येथे एकोणीस मुले व दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा कुठे जवळजवळ तीस वर्षांनी शस्त्रांविषयीचा एक महत्त्वाचा कायदा अमेरिकन काँग्रेसने संमत केला. आणि २०२४ मध्ये मिशिगन राज्यातील न्यायालयांनी, मुलाला पिस्तूल घेऊन देणाऱ्या व त्याच्या ढासळत्या मनाकडे दुर्लक्ष करणाऱ्या आईबापांनाच मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. मूल शाळेत सुरक्षित राहण्याचा संबंध दुसऱ्याच्या घरातील कपाटाशी कसा असतो, हे त्या खटल्याने दाखवून दिले.

शाळेच्या फाटकाला कुलूप हवे, पहारेकरी हवा, कवायतही हवी. कोण नको म्हणेल? पण डनब्लेनमधील धोका फाटकापाशी जन्मला नव्हता. तो परवान्याच्या कागदात, दप्तरात पडून राहिलेल्या तक्रारीत, आणि ‘आपल्याला काय करायचे आहे’ या शेजाऱ्याच्या वृत्तीत पाच वर्षे वाढत होता. तेथे पोचण्याचे काम एकट्यादुकट्या आईच्या आवाक्यातले नसते. त्यासाठी चारचौघींनी एकत्र येऊन, एकच मागणी धरून, दारोदार फिरावे लागते. असे फिरण्याची सवय महिला मंडळांना नवी नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये, डनब्लेनच्या घटनेला बावीस वर्षे झाली तेव्हा, तेथील कुटुंबांनी पार्कलंडच्या विद्यार्थ्यांना एक खुले पत्र लिहिले आणि त्यांच्या चळवळीला पाठिंबा दिला. दोन्ही ठिकाणी गेलेल्यांची संख्या सतराच होती. आपली मुले परत येणार नाहीत, हे त्या कुटुंबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. सह्या गोळा झाल्या, कायदा झाला, तो इतरांच्या मुलांसाठी. ती मुले आज ब्रिटनमध्ये निर्धास्तपणे शाळेत जातात आणि त्यांतील बहुतेकांना त्या तीन मैत्रिणींची नावेही माहीत नसतील.