पुणे परिसरातील स्फटिकयुक्त पोकळ्या : शोधाचा इतिहास

ग्रॅनाइटसारख्या अंतर्वेशी अग्निजन्य खडकात शिलारस निवण्याच्या अखेरच्या टप्प्यात जलयुक्त अवशिष्ट द्रव उरतो. त्यापासून पेग्मटाइटच्या भरडकणी शिरा व स्फटिकांनी मढलेल्या पोकळ्या तयार होतात. पुण्याचा खडक याहून भिन्न आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेल्या लाव्हाचा तो बेसाल्ट होय. त्यातील बहुतेक पोकळ्या वायूच्या बुडबुड्यांनी निर्माण झाल्या. स्फटिक मात्र नंतर, खडकात झिरपलेल्या पाण्यातून, त्यांत साचले. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट ही झिओलाइटे व त्यांच्या सोबतीने आढळणारे ॲपोफिलाइट यांचा उगम असा आहे.

दख्खनच्या या थरांचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३० च्या दशकात प्रसिद्ध केले. तथापि खडकाचे अंतरंग मोठ्या प्रमाणावर उघड झाले ते अभ्यासकांमुळे नव्हे, तर रेल्वेमुळे. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातील लोहमार्गासाठी २५ बोगदे खोदण्यात आले. १८६१ च्या आरंभी तेथे ४२ हजारांहून अधिक मजूर राबत होते. या खोदकामात मिळालेले ॲपोफिलाइटचे नमुने युरोपातील संग्रहांत पोहोचले. प्रत्यक्ष पोकळी फोडणाऱ्या हातांची नोंद मात्र कोणत्याही चिठ्ठीवर झाली नाही. खनिजशास्त्राच्या इतिहासातील ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

पुढील मोठा शोधही दगडफोडीतूनच लागला. कॅव्हन्साइट हे निळे खनिज प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात आढळले. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले आणि १९७३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. तेथील स्फटिक अगदी बारीक होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या पूर्वेकडील वाघोलीच्या खाणींत मात्र पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेले गडद निळे गुच्छ विपुल मिळू लागले. त्याच रासायनिक घटनेचे, पण वेगळ्या स्फटिकरचनेचे पेंटागोनाइटही तेथे सापडले. खाणी चालत होत्या त्या खडीसाठी. वाढत्या शहराला बांधकामाचा दगड हवा होता. स्फटिक हा या व्यवसायातील निव्वळ योगायोग.

येथे एक अडचण उद्भवते. खडी होताच पोकळीचा थर, तिची खोली व खनिजांचा साचण्याचा क्रम कायमचा नाहीसा होतो. सुखेश्वाला, अवासिया व गंगोपाध्याय यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारतातील झिओलाइटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा संशोधनाचा आधार म्हणजे नमुन्याचे नेमके स्थान. व्यापारातून फिरलेल्या जुन्या नमुन्यांवर मात्र अनेकदा केवळ 'पूना' एवढाच उल्लेख आढळतो आणि तो नाशिक वा जळगावच्या स्फटिकालाही चिकटलेला असू शकतो. वाघोली २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. तिचे नाव चिठ्ठ्यांवर टिकले, कारण इतके मोठे कॅव्हन्साइट अन्यत्र मिळत नाही. सर्वत्र सापडणाऱ्या स्टिलबाइटच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच आले.