बेडशाचे बैल आणि बोरघाट

लेणी बघायला कुणाबरोबर जावं, यालाही शास्त्र आहे. जाणकाराबरोबर गेलं तर मान दुखते, आणि कुटुंबाबरोबर गेलं तर पहिल्याच पायरीवर डबा सुटतो. मी बेडशाला गेलो तो एका निवृत्त ट्रक ड्रायव्हरबरोबर. आमच्या आळीत त्यांना सगळे मामा म्हणतात. सख्खे मामा ते कुणाचेच नाहीत. सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढले, ते २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला तेव्हा खाली उतरले. मधलं सगळं आयुष्य बोरघाटात.

पायऱ्या चारशेच्या घरात. मी ऐटीत निघालो आणि पन्नासाव्या पायरीला बसलो. मामा मागून संथपणे आले आणि पुढे गेले. "फर्स्ट गियर, मास्तर! घाटात घाई करणारा वर जात नाही, पेपरात जातो."

बेडशाचं लेणं पूर्वाभिमुख. घंटेसारख्या खांबशीर्षांवर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांच्यावर स्वार झालेली जोडपी. मी जोडप्यांकडे पाहत होतो (कलेच्या दृष्टीनं, अर्थात). मामा जनावरांकडे पाहत होते. "दोनच सवाऱ्या," ते म्हणाले, "ओव्हरलोड नाही."

मग मी माहिती सांगायला लागलो. घरी ऐकणारं कुणी नसलं की माणूस डोंगरावर सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल घाट चढून देशावर यायचा, देशावरचा खाली जायचा. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्याच वाटेवरची. कार्ल्याचं दार एका अत्तरवाल्यानं दिलेलं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणचा माल भडोचला गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून जातो असं लिहिलंय. अंतर वीस दिवसांचं.

"वीस दिवस?" मामा हळहळले. "आणि रिटर्न भाडं?"

नाणेघाटातला दगडी रांजण लोक जकातीचा म्हणून दाखवतात, हे सांगितल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या उमेदीत माल घाट उतरायला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ नाक्यावर उभं राहण्यात जायचा. जीएसटीनं २०१७ साली जकात संपवली, पण तोवर मामाही संपत आले होते. "म्हणजे रांजण आधी आणि रस्ता मागनं!" ते म्हणाले. तसं पाहिलं तर खरंच आहे. बोरघाटातून चाकाच्या गाड्यांचा रस्ता गव्हर्नर माल्कमनं खुला केला तो १८३० च्या नोव्हेंबरात. त्याआधी ओझं बैलांच्या पाठीवर. पुढे १८६३ साली रेल्वे आली, सदतीस फुटांना एक फूट चढत; आणि सगळ्यांच्या मागून मामांची टाटा-मर्सिडीज.

"ज्या गियरात चढायचं त्याच गियरात उतरायचं, हा कायदा," मामा सांगू लागले. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे त्यांनी दरीत पाहिले होते. चढावर गाडी थांबली की क्लीनरनं उडी टाकून चाकाखाली दगड सारायचा. गाडी निघाली की तो दगड उचलणं मात्र कुणाच्याच कामात बसत नसे, आणि मागच्याच्या नशिबी तो दगड. एका पावसाळ्यात मामांचे ब्रेक तापून गेले. डोंगराच्या बाजूला गाडी घासत घासत त्यांनी ती कशीबशी उभी केली. क्लीनरचा हात मोडला. खोपोलीहून त्यांनी मालकाला फोन लावला.

"काय म्हणाले मालक?"

"माल किती भिजला, म्हणाले."

हे सांगताना ते हसले, मीही हसलो. पण नंतर थोडा वेळ आम्ही दोघंही उगाचच पवनेच्या खोऱ्याकडे बघत बसलो.

व्हरांड्यातल्या एका खोलीच्या दारावर लेख आहे. मी तो वाचून दाखवला. म्हणजे पुस्तकातलं पाठ केलेलं म्हटलं. नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुष्यणक, त्याचं हे दान.

मामांनी लेखावरून बोट फिरवलं. "ही झाली पार्टी. बैल हाकणाऱ्याचं नाव कुठं असतं?"

मी विद्वान माणसासारखा खाकरलो आणि चहाचा थर्मास उघडला.

त्यांना पुढे पनवेलला मुलीकडे सोडायचं होतं. गाडी माझा भाचा चालवत होता. अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला, त्या जागेवरून जाताना मामा मागच्या सीटवर खिसे चाचपू लागले. घाटाची वाट शिंगरोबा धनगरानं इंग्रजांना दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, असं सांगतात. जुन्या रस्त्याला त्याचं देऊळ आहे. ड्रायव्हर लोक तिथं नाणं टाकूनच पुढे जातात.

"टोलची काळजी नको मामा," भाचा म्हणाला, "फास्टॅगमधून आपोआप कटतो."

"हा त्यातनं कटत नाही रे. जुन्या रस्त्यानं घे."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. गाडी जुन्या रस्त्याला लागली. मामांकडे दोनच रुपये निघाले, ते त्यांनी टाकले. माझ्याकडे पाचशेची नोट होती, म्हणून मी त्यांच्याकडून एक रुपया उसना मागितला. तर म्हणाले, "आधी सांगायचं ना मास्तर! आता दोन्ही देवाकडे गेले."