डफडे, भोंगा आणि डीजे : तीन पिढ्यांच्या वाजवण्याचा इतिहास

आपल्याकडे संगीताचा इतिहास म्हणून जो लिहिला गेला तो घराण्यांचा इतिहास आहे. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर-अत्रौली यांच्या वंशावळी जाणकारांना तोंडपाठ असतात. परंतु गावातल्या प्रत्येक लग्नात, पोळ्याला आणि मयतीला ज्याने वाजवले, त्याची वंशावळ कोणी लिहिली नाही. तो वाजवत होता, पण कलावंत नव्हता. तो बलुतेदार होता. माझा आजा असा बलुतेदार होता. तो डफडे वाजवीत असे. माझ्या बापाने भोंगा वाजवला. माझा धाकटा भाऊ परतवाड्यात डीजे चालवतो. घरात मी एकटाच वाजवत नाही. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. घरातला पहिला पदवीधर म्हणून या तीन पिढ्यांचा हिशेब मांडणे हे माझे काम आहे, असे मी समजतो.

आम्ही मातंग. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांताच्या जातिजमातींवरचा चार खंडी ग्रंथ प्रसिद्ध केला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. त्या ग्रंथात आमच्या जातीची ओळख गावचे वाजंत्री, बैल खच्ची करणारे आणि बायका सुईणपण करणाऱ्या अशी दिलेली आहे. माणसाची ओळख त्याच्या कामावरून करून द्यावी आणि ते काम त्याने निवडलेले नसावे, याहून जातिव्यवस्थेची सोपी व्याख्या मला ठाऊक नाही.

आजा ज्या लग्नात वाजवी त्या लग्नाच्या मांडवात त्याला जागा नसे. नवरदेवाच्या पुढे तो चाले. मांडवाच्या दारापर्यंत गेला की बाजूला होई. डफड्याच्या आवाजावाचून मुहूर्त लागत नसे, पण डफडे वाजवणाऱ्या हाताचा विटाळ होई. आवाज शुद्ध आणि हात अशुद्ध, हा न्याय कोणत्या शास्त्राचा? पंगती उठल्यावर उरलेले अन्न घरच्या भांड्यात घेऊन तो परत येई. डफडे तापवण्यासाठी जाळ करावा लागे. त्या जाळाशी बसून तो सांगे की, कातडे तापले की बोलते, माणूस तापला की मार खातो.

हे केवळ वऱ्हाडातले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले आणि जे त्यांना करू दिले गेले नाही, त्यात इंदूर जिल्ह्यातल्या बलाई जातीची हकीकत त्यांनी दिली आहे. ती वृत्तपत्रात जानेवारी १९२८ मध्ये आली होती. कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या सुमारे पंधरा गावांतील सवर्णांनी बलायांना नियम घालून दिले होते. जरीकाठी पागोटे घालायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. आणि त्याच यादीत आणखी एक नियम होता : सवर्णांच्या लग्नात वरातीपुढे आणि लग्न चालू असताना बलायांनी वाजवलेच पाहिजे. ज्यांनी हे नियम मानले नाहीत त्यांचे पाणी तोडले गेले, गुरांची चराई बंद झाली, शेताच्या वाटा अडवल्या गेल्या.

या यादीकडे नीट पाहिले पाहिजे. स्वतःच्या अंगावर जरीचा धागा नको, पण दुसऱ्याच्या सोहळ्यात वाजवणे मात्र सक्तीचे. म्हणजे प्रश्न संगीताचा नव्हता, हुकमाचा होता. या बातमीच्या दोनच महिने आधी, १३ नोव्हेंबर १९२७ रोजी, अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली होती. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तिच्यापुढे होता. एकीकडे दार उघडा म्हणून माणसे उभी होती. दुसरीकडे दाराबाहेर उभे राहून वाजवा, असे त्यांना सांगितले जात होते.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर वऱ्हाडातल्या बौद्धांनी गावकीची कामे झपाट्याने टाकली. मेलेले ढोर ओढणे बंद झाले, तसे वाजवणेही बंद झाले. आमच्या मांगवाड्यात मात्र डफडी खुंटीवरून उतरली नाहीत. याचे कारण जाणिवेचा अभाव एवढेच देऊन चालणार नाही. ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, शिक्षण नव्हते, त्यांचे वर्षाचे धान्य त्या डफड्यात होते. दुसऱ्यांनी टाकलेली कामेही गावाने आमच्यावर लादली आणि आम्ही ती पत्करली. त्यावरून दोन वस्त्यांत जी कटुता आली ती अजून पुरती गेलेली नाही. बौद्धवाड्यातली मुले आजाला पाहून हाताने डफडे वाजवल्याची नक्कल करीत. आजाही त्यांना बोल लावी. दोघेही गावकुसाबाहेर उभे राहून एकमेकांशी भांडत होते आणि गाव आत निवांत होते.

एक मात्र खरे की, चळवळीने वाद्य टाकले नाही. वाद्याचा मालक बदलला. सत्यशोधकांच्या जलशाची वाट पुढे चालवीत भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गाणे हेच प्रचाराचे साधन मानले. अण्णा भाऊ साठे तर डफावर थाप मारूनच उभे राहिले. कातडे तेच, बोटे तीच. पण हुकूम दुसऱ्याचा नव्हता आणि शब्द आपले होते. हा फरक मी ध्यानात घ्या म्हणतो, कारण पुढच्या सगळ्या विवेचनाचा आधार तोच आहे.

माझ्या बापाने डफडे गळ्यात घातले नाही. तो परतवाड्याला आला. परतवाडा हे गाव छावणीतून वाढलेले. अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, हे नबाबी शहर. त्याच्या शेजारी हैद्राबाद कंटिन्जंटची छावणी पडली आणि तिच्याभोवती बाजार वसला. मेळघाटचे लाकूड येथे उतरे. मूर्तिजापूरहून येणारी लहान रुळांची शकुंतला अचलपूरला येऊन थांबे. छावणी, लाकूड, रेल्वे, गिरणी यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या अशा गावात जातीची नजर थोडी मंद असते. बाप आधी एका माईकवाल्याकडे राबला. पुढे हप्त्यावर एक अॅम्प्लिफायर, एक बॅटरी आणि दोन भोंगे घेऊन त्याने स्वतःचे काम सुरू केले. लिंबाच्या फांदीवर भोंगा बांधायचा, खाली टेबलावर कॅसेट लावायची. स्वस्त कॅसेट आल्यामुळे प्रल्हाद शिंद्यांचा आणि आनंद-मिलिंदांचा आवाज ज्या वस्तीत रेडिओ नव्हता तिथेही पोचला. भीमगीते मुंबईहून खेड्यात आली ती याच वाटेने.

भोंग्याने एक नवीनच गोष्ट केली. डफडे वाजवणारा आवाजाच्या जागी हजर असावा लागे. त्याला हाकलता येत होते. भोंगा झाडावर होता. आवाज वस्तीतून निघे आणि गावाच्या पारावर जाऊन पडे. गावाला वस्तीत येण्याची गरज नव्हती, पण वस्ती आता गावात जात होती. म्हणूनच एका गावी, त्याचे नाव मी लिहीत नाही, एका बौद्ध लग्नाची वरात पाराजवळ आली तेव्हा चार जण पुढे झाले आणि भोंगा बंद करा म्हणाले. बापाने बटण फिरवले. पाराचे पन्नास पावले अंतर ती वरात मुक्याने चालली. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो, बॅटरीच्या गाड्यावर बसलो होतो. तो मुकेपणा मला अजून ऐकू येतो.

भाऊ नववीत नापास झाला आणि बापाच्या दुकानात बसला. त्याने आपला डीजे आयता विकत घेतला नाही. तो त्याने जुळवला. ही जुळवाजुळव मी दोन पावसाळे पाहिली, कारण लग्नाचा मोसम दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत. पावसाळ्यात गाडी रिकामी असते आणि हात मोकळे असतात.

अठरा मिलिमीटरचे प्लायवुड आणून तो बॉक्स कापी. सांध्यांत गोंद, वरून स्क्रू. कारण बॉक्समधून कुठे हवा निसटली की बेस मेला. अठरा इंची स्पीकर खालच्या जाड आवाजासाठी, वरच्या बारीक आवाजासाठी टॉप; आणि कोणता स्वर कोणाकडे पाठवायचा ते ठरवणारा क्रॉसओव्हर. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात, चार जोडले की दोन. आणि दोनवर साधा अॅम्प्लिफायर तापून बसतो. हे गणित शाळेत त्याला जमले नव्हते. शाळेने ते त्याला अठरा इंची स्पीकर समोर ठेवून शिकवले नव्हते, एवढेच. पिकअप गाडीच्या मागे जनरेटर, त्याच्या पुढे अॅम्प्लिफायरचा रॅक, मग बॉक्सची भिंत. एक जोडबॉक्स उचलायला चार माणसे लागतात.

एकदा सगळे जोडून झाले, पण बेस येईना. दोन्ही स्पीकर हलत होते, आवाज मात्र पोकळ. त्याने एका स्पीकरच्या तारा काढल्या आणि उलट करून जोडल्या. पत्रे थरथरले. तो म्हणाला, एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जात होता. दोघे एकमेकांचा आवाज खात होते. मला आमच्या दोन वस्त्या आठवल्या. त्याला मी काही बोललो नाही.

त्याच्या धंद्यातली खरी मेख वेगळी आहे. बाजारात वॅटची चढाओढ आहे. परंतु वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो; कानाला तो थोडासाच जास्त वाटतो. म्हणजे कर्ज दुप्पट होते, आवाज दुप्पट होत नाही. आणि शरीराचा हिशेब असा की, पंच्याऐंशी डेसिबलमध्ये आठ तास काम चालते; पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो; शंभर डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. भाऊ गाडीवर रोज तीन-चार तास उभा असतो. आजाला शेवटी डाव्या कानाने कमी ऐकू येई. भाऊ अजून तिशीचा नाही आणि फोन उजव्या कानालाच लावतो.

आपल्यातले पुष्कळ शिकलेले लोक डीजेला नाक मुरडतात. धिंगाणा, दारू, पैशाची नासाडी, हे त्यांचे आक्षेप खोटे नाहीत. परंतु आवाजाचा इतिहास त्यांनी पाहावा. जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९५० नंतरच्या काळात, नाचघराचे दार ज्यांना परवडत नव्हते त्या काळ्या वस्त्यांनी रस्त्यावर मोठाले स्पीकर रचले. तिथला एक मुलगा न्यूयॉर्कला गेला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधल्या एका इमारतीत त्याने दोन तबकड्यांवर जे वाजवले त्यातून हिपहॉपचा प्रवाह निघाला असे मानतात. त्याच्या एक वर्ष आधी, १९७२ साली, मुंबईत काळ्यांच्या पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली होती. ज्यांचा आवाज ऐकायचा नाही असे समाजाने ठरवलेले असते, त्यांना मोठ्या आवाजाची ओढ का असते, हे कोणी आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

हा आवाज आजही स्वस्तात मिळत नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा जीव गेला तो फोनवर वाजलेल्या बाबासाहेबांवरील गाण्यावरून. त्याच वर्षी अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि लग्नाची वरात काढण्यास किंवा वरातीत घोड्यावर बसण्यास अडवणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरला. २६ जानेवारी २०१६ पासून तो अमलात आला. बलायांच्या यादीला संसदेने दिलेले हे उत्तर आहे. पण अर्धे. आपली वरात काढण्याचा हक्क त्यात आहे. दुसऱ्याच्या वरातीत न वाजवण्याचा हक्क कोणी द्यायचा?

मागच्या मोसमात भावाने एका मोठ्या घरचे लग्न घेतले. करार झाला, बयाणा मिळाला, खुर्चीवर बसवून चहा दिला गेला. आजाला जे मिळाले नाही ते नातवाला मिळाले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन उचलून धरले आहे. दहा वाजले तेव्हा भावाने बटण फिरवले. पाहुण्यांपैकी एक जण गाडीवर चढला आणि म्हणाला, "पैसे घेतले न बे? मंग वाजव! तुमचा धंदाच हाय तो बापजाद्यापासून."

बॉक्स नवे, जनरेटर नवा, करार नवा. आणि तोंडात हुकूम १९२८ चा. भावाने बॉक्सच्या तारा काढल्या, गाडी गुंडाळली आणि उरलेले पैसे न घेता परत आला. मी त्याला विचारले, भीती नाही वाटली? तो म्हणाला, "दादा, आबाच्या गयात डफडं होतं, ते काढता येत नव्हतं. माह्या गयात काई नाई. गाडी माही हाय, बटनही माहं हाय."

मी वर्गात गुलामगिरीच्या व्याख्या शिकवतो. इतकी नेमकी व्याख्या मला पुस्तकात सापडलेली नाही. बापाने पाराजवळ बटण फिरवले तेव्हा बटण त्याचे होते, पण हात गावाचा होता. भावाने दहाला बटण फिरवले तेव्हा हातही त्याचाच होता. दोन्ही वेळा शांतताच झाली. पण एक शांतता लादलेली होती आणि दुसरी निवडलेली. यंत्राने जात मोडत नाही, हे त्या पाहुण्याने दाखवून दिले. यंत्राचा मालक 'नाही' म्हणू शकतो तेव्हा ती मोडू लागते.

यातून आपल्यालाही सुटका नाही. दहाचा नियम मंदिराला आहे, मशिदीला आहे, तसा आपल्या जयंतीलाही आहे. ज्यांनी राज्यघटनेचा वारसा सांगायचा त्यांनी तो आधी पाळावा. गाडीवर उभ्या असलेल्या मुलांच्या कानाचा प्रश्न आपला आहे, त्यांच्या कर्जाचा प्रश्नही आपला आहे. आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, आपल्या वस्तीत डफडे, सनई, ताशा, भोंगा वाजवलेली जी म्हातारी माणसे उरली आहेत त्यांच्याशी जाऊन बसा. कोणत्या लग्नात वाजवले, काय मिळाले, कुठे थांबवले गेले, हे विचारा आणि लिहून घ्या.

आजाचे डफडे भावाच्या दुकानात खिळ्याला टांगलेले आहे. ते तो वाजवत नाही आणि विकतही नाही. कातडे सैल पडले आहे. बेस लागला की मात्र ते खिळ्यावर आपोआप थरथरते.