ताटी, चिक आणि वाळा : गोदाकाठच्या पर्यावरणपूरक प्रकाशरोधक आवरणांचा इतिहास (विशेष संदर्भ : शहागड परिसर)

प्रस्तावना :
जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील शहागड हे गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेले गाव आहे. नदी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. पैठणपासून खाली वाहत येणाऱ्या गोदावरीच्या या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्यामुळे येथे घर बांधताना प्रकाश आत कसा घ्यावा याइतकाच तो कसा अडवावा हाही प्रश्न महत्त्वाचा होता. आज बाजारात 'पर्यावरणपूरक' प्रकाशरोधक पडदे नवी वस्तू म्हणून येत आहेत. वस्तुतः गवत, कळक, मुळ्या, माती आणि सूत यांपासून अशी आवरणे तयार करण्याची दीर्घ परंपरा या प्रदेशाला आहे. प्रस्तुत निबंधात या परंपरेचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, तिच्यामागील श्रमव्यवस्थेचाही विचार केला आहे.

उद्दिष्टे :
१) गोदाकाठच्या पारंपरिक घरांतील प्रकाश अडविण्याच्या पद्धतींचा आढावा घेणे.
२) या आवरणांमागील कारागीर व श्रमिक यांचे स्थान स्पष्ट करणे.
३) आधुनिक प्रकाशरोधक पडद्यांच्या संदर्भात परंपरेची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

भिंत हेच आवरण :
खिडकीसाठी संस्कृतमधून मराठीत आलेले दोन शब्द येथे विचारात घेण्याजोगे आहेत. 'वातायन' म्हणजे वारा येण्याचा मार्ग आणि 'गवाक्ष' म्हणजे गाईच्या डोळ्यासारखे छिद्र. या दोन्ही शब्दांत प्रकाशाचा उल्लेख नाही. मराठवाड्यातील माळवदाच्या घराची रचना या शब्दांशी सुसंगत आहे. दगड व पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळयांवर अंथरलेला मातीचा जाड थर, भिंतीत लहान झरोके आणि छतात उजेड व धुरासाठी ठेवलेले साणे, असे हे घर असे. जाड माती दिवसाची उष्णता सावकाश शोषून घेई. लहान झरोक्याला कापडी पडद्याची गरजच नसे. लाकडी झडप पुरेशी होई. म्हणजेच खिडकीवरचे आवरण हा स्वतंत्र प्रश्न नव्हता. तो भिंतीनेच सोडविलेला होता.

मात्र या रचनेचा गौरव करताना तिची दुसरी बाजू झाकता येत नाही. स्वयंपाकघरातील काळोख आणि चुलीचा धूर यांचा भार प्रामुख्याने स्त्रियांवर पडत असे. बाळंतिणीची खोलीही अंधारी असे. जी सावली ओसरीवर बसणाऱ्याला सुखद वाटे, तीच आत राबणारीच्या डोळ्यांना व छातीला जाचक ठरे.

ताटी : गरिबाच्या घराचे दार आणि पडदा :
माळवद सर्वांना परवडणारे नव्हते. अल्पभूधारक व मजूर कुटुंबे तुराट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या करून, त्या बांधून आणि शेणमातीने लिंपून कूड तयार करीत. दाराच्या व झरोक्याच्या तोंडाशी कळकाच्या कामट्यांची किंवा गवताची ताटी लावली जाई. ताटी हा शब्द मराठी साहित्यात फार जुना आहे. मुक्ताबाईंच्या नावावर असलेले 'ताटीचे अभंग' हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे आपेगाव याच गोदाकाठी पैठण तालुक्यात आहे, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या अभंगांमागची कथा बंद ताटीभोवती फिरते. साधकाचा एकांत आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये उभी असलेली ही साधी वस्तू सर्व श्रोत्यांच्या नित्य परिचयाची असल्याशिवाय तिला असे प्रतीकाचे स्थान मिळाले नसते.

ताटीचे वैशिष्ट्य तिच्या साहित्यात आहे. पीक निघाल्यावर शेतात उरणाऱ्या काड्या, नदीकाठचे गवत व वाखाची दोरी यांपासून ती तयार होई. जीर्ण झाल्यावर ती चुलीत किंवा उकिरड्यावर जाई आणि शेवटी खत होऊन पुन्हा शेतात परते.

चिक : कारागिरी आणि सामाजिक अंतर :
कळकाच्या बारीक काड्या सुताने एकत्र गुंफून केलेला, गुंडाळता येणारा पडदा म्हणजे चिक. हा शब्द तुर्की-फारसीमार्गे भारतीय भाषांत आला. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात चिक आणि ताटी या दोन्ही वस्तूंची नोंद आढळते. चिकामुळे ऊन अडते, वारा खेळतो, आतल्या माणसाला बाहेरचे दिसते. परंतु दिवसा बाहेरच्याला आतले दिसत नाही. या गुणामुळे प्रतिष्ठित घराण्यांत चिक हा स्त्रियांच्या पडदापद्धतीचाही भाग बनला. शेतात राबणाऱ्या स्त्रीला मात्र ना चिकाची सावली मिळाली ना त्याचा आडोसा. एकाच वस्तूकडे पाहण्याची दृष्टी वर्गानुसार कशी बदलते, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात कळकाचे काम परंपरेने बुरूड समाजाकडे राहिले. सूप, टोपली, डालगे, कणगी, तट्ट्या आणि पडदे या सर्व वस्तू त्यांच्याच हातून घडत. गावगाड्याचे दैनंदिन जीवन या कारागिरीवर अवलंबून असूनही समाजव्यवस्थेत कारागिराला खालचे स्थान देण्यात आले, हा विरोधाभास नोंदविणे आवश्यक आहे.

वाळा : एकाचा गारवा, दुसऱ्याचे श्रम :
वाळ्याच्या सुगंधी मुळ्यांच्या ताट्या दारे-खिडक्यांवर लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धत मुघल काळात प्रतिष्ठा पावली. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या काळातील वाळ्याच्या घरांचा उल्लेख आहे, तर सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी बर्नियर यानेही अशा 'खसखान्यां'चे वर्णन केले आहे. पुढे इंग्रज छावण्यांतील बंगल्यांमध्येही वाळ्याच्या ताट्या रूढ झाल्या. जालना व औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे एकोणिसाव्या शतकात लष्करी छावण्या होत्या, हे या संदर्भात ध्यानात घ्यावे लागते.

या पद्धतीमागील शास्त्र सोपे आहे. पाण्याचे बाष्पीभवन होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ही क्रिया विशेष प्रभावी ठरते. परंतु ताटी ओली राखण्यासाठी दिवसभर पाणी वाहून आणणारा आणि शिंपडणारा माणूस उन्हातच उभा असे. तसेच उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई असलेल्या प्रदेशात हा उपाय सार्वत्रिक होणे शक्य नव्हते. म्हणून निसर्गाला अपाय न करणारी प्रत्येक वस्तू माणसाला न्याय देणारी असतेच, असे म्हणता येणार नाही.

काळोखाचे नवे तंत्र :
संपूर्ण प्रकाश अडविणाऱ्या पडद्याचा मोठ्या प्रमाणावर प्रसार युद्धामुळे झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्याच्या भीतीने सक्तीचा 'ब्लॅकआउट' लागू झाला. भारतातही १९६५ व १९७१ च्या युद्धकाळात खिडक्या काळ्या कागदाने व कापडाने झाकण्यात आल्या. येथे उद्देश उलटा होता. बाहेरचे ऊन नव्हे, तर आतला दिवा अडवायचा होता. पुढे हेच तंत्र झोपेच्या व सजावटीच्या बाजारात आले. पॉलिएस्टर कापडावर कृत्रिम लेप किंवा पीव्हीसीचा थर देऊन हे पडदे तयार होऊ लागले. हे पदार्थ मुख्यतः खनिज तेलावर आधारित असून टाकून दिल्यानंतर मातीत सहज मिसळत नाहीत.

बदललेले घर :
३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या किल्लारी भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जड छतांखाली झालेली ही हानी पाहून माळवदाविषयी लोकांच्या मनात भीती बसली आणि ती रास्तही होती. त्यानंतरच्या दशकांत सिमेंटचे स्लॅब व पत्र्याची छते वाढत गेली. पातळ भिंत व मोठी काचेची खिडकी आली आणि पूर्वी भिंतीने केलेले काम पडद्यावर येऊन पडले. परंतु आतल्या बाजूचा पडदा काचेतून आत आलेली उष्णता पुरेशी रोखू शकत नाही. खिडकीबाहेर लावलेली चिक किंवा ताटी ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडविते. केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली जाहीर केलेल्या 'इको निवास संहिते'तही भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालण्यावर भर आहे. परंपरेतील अनुभव आणि आधुनिक शास्त्र यांचा येथे मेळ बसतो.

कायद्याच्या अंगानेही एक महत्त्वाचा बदल झाला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूचा समावेश 'वृक्ष' या संज्ञेत होता. त्यामुळे शेतातील बांबू तोडण्यास व वाहून नेण्यासही परवान्याचे अडथळे येत. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू या व्याख्येतून वगळण्यात आला. वनक्षेत्र अत्यल्प असलेल्या मराठवाड्यात बांधावरचा बांबू कारागिराला कच्चा माल पुरवू शकेल. शिवाय जालना जिल्हा कापसाचा आहे. घट्ट विणीच्या दुपदरी सुती कापडाचा आतला पडदा आणि बाहेर चिक, ही जोडी येथील साहित्यातून उभी राहू शकते.

निष्कर्ष :
१) गोदाकाठच्या पारंपरिक घरांत प्रकाश अडविणे हे प्रथम भिंतीचे व नंतर आवरणाचे काम होते.
२) ताटी, चिक व वाळा ही आवरणे पुन्हा मातीत मिसळणारी होती, परंतु त्यांचा लाभ आणि त्यांचे श्रम यांची वाटणी विषम होती.
३) माळवदाकडे परत जाणे सुरक्षित नाही, मात्र भूकंपरोधक घराच्या खिडकीबाहेर पारंपरिक आवरण लावणे शक्य व उपयुक्त आहे.
४) 'पर्यावरणपूरक' ही संज्ञा केवळ वस्तूच्या कच्च्या मालापुरती मर्यादित ठेवता येत नाही. चिक विणणाऱ्या हातांना रास्त दाम आणि सन्मान मिळाला तरच या परंपरेचे पुनरुज्जीवन अर्थपूर्ण ठरेल. अन्यथा जुनी विषमता नव्या नावाने बाजारात येईल.