मुंढ्याचे माप

1666 च्या जून महिन्यात लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात सॅम्युअल पेपिस या दैनंदिनीकाराच्या दृष्टीस राजदरबारातील काही मानकरी स्त्रिया पडल्या. अंगात पुरुषी कोट, डोक्यावर केसांचा टोप आणि त्यावर हॅट. खाली लांब घागरा लोळत नसता तर त्यांस स्त्रिया म्हणून कोणी ओळखले नसते, असे त्याने नोंदवून ठेवले. ते दृश्य त्याला मुळीच रुचले नाही. त्या स्त्रियांचा पोशाख घोड्यावर बसण्याचा होता. आणि आजची स्त्री कचेरीत जाताना जो सूट घालते, त्याचा मूळपुरुष, खरे तर मूळस्त्री, हाच पोशाख होय.

हा कोट पुरुषांचे शिंपी शिवीत. फ्रान्समध्ये 1675 साली चौदाव्या लुईने शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना स्वतःचा संघ स्थापण्याची मुभा दिली आणि बायकांचे झगे बायका शिवू लागल्या. स्वारीचा कोट मात्र शिंप्याकडेच राहिला. हा भेद निव्वळ रूढीचा नव्हता. रेशमी झगा चुण्या घालून अंगावर बसविता येतो. लोकरीचे कापड वाफेने आणि इस्त्रीने ताणता येते, आकसविता येते, त्याला छातीची व खांद्याची गोलाई देता येते. ही विद्या शिंप्याची. शिवाय लगाम धरावयाचा तर हात पुढे जाणारच; तेथे पाठीत आवळणारा कोट काय कामाचा?

पुढे वाइट बेटावरील काउज या गावी, जेथे नौकांच्या शर्यती भरत, रेडफर्न यांच्या पेढीने कुलीन स्त्रियांसाठी लोकरी कोट व स्कर्ट शिवून नाव मिळविले. एकोणिसावे शतक संपता संपता तोच जोड टंकलेखन करणाऱ्या मुलींनी आणि शिक्षिकांनी उचलला. एकच जाड सूट आणि आलटूनपालटून घालावयास दोन-तीन पोलकी, एवढ्यावर त्यांचे वर्ष निभे. बेताच्या पगारात ही सोय थोडी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांवर नियंत्रण आले. पहिल्या वर्षी माणशी 66 कूपने. चुण्या, जादा खिसे, बटणे यांवरही बंधने पडली. त्या मोजक्या कापडातून नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीज यांच्यासारख्या नामांकितांनी नेटके सूट बेतून दाखविले. युद्धानंतर, 12 फेब्रुवारी 1947 रोजी, पॅरिसमध्ये क्रिस्तियाँ दिओर यांनी जो सूट पुढे आणला त्याची कंबर मुठीत मावेल अशी, नितंबांवर कोट भरण घालून फुगविलेला आणि स्कर्टाला गजच्या गज घेर. तो सुंदर होता, यात वाद नाही. परंतु तो घालून फायलींच्या कपाटाचा वरचा खण गाठावयाचा म्हणजे कठीणच.

त्याला उत्तर दिले कोको शानेल या बाईंनी, 5 फेब्रुवारी 1954 रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी. पॅरिसच्या टीकाकारांनी नाके मुरडली; अमेरिकेतील स्त्रियांनी तो सूट आपलासा केला. त्यातील मर्म मुंढ्यात होते. मुंढा सैल ठेवला की हात मोकळा हलतो, असा पुष्कळांचा समज आहे. घडते उलट. मुंढा खोल असला तर बाही कोटाच्या कुशीला खाली जोडली जाते आणि हात उचलताच सबंध कोट वर ओढला जातो. तोच काखेलगत, लहान बेतला, तर बाही तेवढी हलते आणि कोट जागचा ढळत नाही. चोळी शिवणाऱ्या आपल्याकडील शिंप्याला हे नवे सांगावयास नको. शानेलबाईंनी मुंढा उंच घेतला, आणि कोट सरळ लोंबावा म्हणून आत, खालच्या कडेशी, धातूची साखळी शिवली. खिसे शोभेचे ठेवले नाहीत; त्यांत हात जाई.

पुढे तयार कपड्यांचे युग आले आणि शिंपी दूर झाला. दुकानातील सूट कोणा एकीच्या मापाचा नसतो. म्हणून निवडताना आधी खांदा पाहावा लागतो. खांद्याची शिवण दंडावर उतरत असेल, तर तो कोट परत ठेवलेला बरा, कारण ती सुधारावयाची म्हणजे बाही व कॉलर उसवून कोट जवळजवळ नव्याने शिवणे आले. कंबर थोडक्यात आत घेता येते, बाहीही आखूड होते. मुंढा आरशापुढे ताठ उभे राहून कळत नाही. खुर्चीवर बसून पाहावे, बटणे लावून दोन्ही हात पुढे घ्यावेत, आणि मग फळ्याच्या वरच्या ओळीवर लिहावयाचे असल्यासारखा उजवा हात उंच करावा. कॉलर मानेपासून सुटली नाही, तर तो सूट बांधून घेण्यास हरकत नाही.