नांदूरचा नाईक आणि नगरचा साहेब

आजी शेंगोळे वळायला बसली की तिला भागोजी नाईक आठवायचा. या दोहोंचा संबंध काय, ते तिचं तिलाच ठाऊक. तिचं माहेर सिन्नरच्या अंगाला, दोडीकडे. तिकडे पाऊस रुसलेला, म्हणून हुलगा आणि बाजरी. आमच्या सायखेड्याला गोदावरी दारात, पलीकडे चांदोरी, शिवारात ऊस आणि कांदा. तरी सासरचं हे सगळं हिरवंगार तिला जन्मभर परकंच राहिलं. "तुमच्याकडं पाणी हाय, पर गोष्टी न्हाईत," असं ती आप्पांना, म्हणजे आमच्या आजोबांना, ऐकवायची. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचं वाटण घालून ते मळता मळता तिची गोष्ट सुरू व्हायची आणि शेंगोळे उकळून घट्ट होईपर्यंत संपायची. त्यामुळे गोष्टीची लांबी रोज सारखी आणि तपशील मात्र रोज वेगळा.

ती नांदूर म्हणाली की आम्हा पोरांच्या डोळ्यांपुढे धरणाचं नांदूरमध्यमेश्वर यायचं, कारण ते आमच्या नदीवर, खालच्या अंगाला. हे नांदूर ते नव्हे. हे नांदूर शिंगोटे, नाशिक-पुणे रस्त्यावरचं. आजीचे आजोबा तेव्हा गुरं राखायच्या वयाचे होते. भागोजीला त्यांनी बघितलं होतं असं आजी ठासून सांगायची. कधी ते डोंगरावरून लढाई बघत होते, कधी घरात कणगीमागे लपले होते. मला कणगीच खरी वाटते.

गोष्टीतला खरा भाग असा. भागोजी नाईक भिल्ल, आणि नगरच्या पोलिसांत हुद्द्यावर होता. (तेव्हा नाशिक जिल्हा झालाच नव्हता, तो 1869 चा. आमचा सगळा मुलूख नगरच्या कलेक्टराखाली.) 1855 मध्ये दंगा केला, पोलिसांना अडवलं, असा ठपका येऊन तो तुरुंगात गेला. सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यावा लागला. ती मुदत संपते न संपते तोच सत्तावन्न साल उजाडलं आणि सरकारनं हत्यारं जमा करायचा हुकूम काढला. भागोजीनं गाव सोडलं. पन्नासेक भिल्ल त्याला येऊन मिळाले आणि गावापासून मैलभरावर, पुण्या-नाशकाच्या रस्त्यावर नजर राहील अशा जागी, तो बसला.

4 ऑक्टोबर 1857 ला नगरचे पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री नांदुरात आले. बरोबर तीसेक शिपाई आणि तलवारी घेतलेले वीसेक महसुली चपराशी. त्यांनी आधी सिन्नर आणि संगमनेरच्या मामलेदारांना समजूत घालायला सांगितलं. भागोजीचं उत्तर आलं ते असं: माझा दोन वर्षांचा थकलेला पगार द्या आणि पुढे पोटापाण्याची काही सोय करा, मग येतो.

इथे आजी हात थांबवायची. पीठ वाळायला लागलं तरी चालेल, पण हे वाक्य ती दोनदा म्हणायची. आमच्या घरात पगार हा शब्द आप्पांमुळे वजनदार होता. आप्पा इंग्रजी अमलात नाशकाला पोलिसांत होते, जमादार म्हणून घरी आले. पेन्शन चार दिवस लांबली तरी ओट्यावर येरझाऱ्या घालायचे. तरीसुद्धा या गोष्टीत ते साहेबाच्या बाजूचे. "पगार थकला म्हणून अर्ज करतात, बंदूक नाही उचलत," ते म्हणायचे. त्यावर आजी म्हणायची, "अर्ज लिवायला लिवता यावं लागतं."

मागणी मान्य झाली नाही, चढाईचा हुकूम सुटला. पहिल्याच गोळीत हेन्रीच्या पाठीमागचा माणूस पडला. हेन्रीला गोळी लागली तरी तो पुढे जात राहिला, पुन्हा लागली आणि पडला. भागोजी निसटला. म्हणजे पोलिसांच्या साहेबाला मारलं ते पोलिसांतूनच गेलेल्या माणसानं. आप्पांना हे फार लागायचं. परक्यानं मारलं असतं तर ते इतके बोलले नसते, असं मला वाटतं.

पुढची दोन वर्षं हा मुलूख तापलेलाच होता. अकोले तालुक्यातल्या समशेरपूरच्या डोंगरात चकमक झाली. कॅप्टन नट्टॉल यांनी महादेव कोळ्यांचं एक दळ उभारलं, सहाशेच्या आसपास माणसांचं. त्यांचा पोशाख गडद हिरवा फेटा, हिरवा अंगरखा, रक्ताच्या रंगाचं गुडघ्यापर्यंतचं धोतर, पायात वहाणा. तंबू नाही, सामान नाही, सगळा संसार पाठीवरच्या पिशवीत. डोंगरातल्या माणसाला धरायला डोंगरातलाच माणूस लावला. 5 जुलै 1859 ला संगमनेरजवळ आंभोरा दऱ्यात या नट्टॉलशी गाठ पडली, त्यात भागोजीचा मुलगा यशवंत मारला गेला. आजी या यशवंताचं वय कधी बारा सांगायची, कधी वीस. एकदा तर त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती असंही म्हणाली.

आणि इथे गोष्टीत सूटर साहेब येतो.

फ्रँक सूटर. त्याचा बाप पलटणीतला कॅप्टन, 1842 साली अफगाणिस्तानात कैदेत पडलेला. मुलगा पोलिसांत आला, धारवाडकडे नेमला गेला. 1858 च्या मे महिन्यात नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला सुरेबानजवळ रात्री गाठून मारलं आणि त्याचं डोकं गावाच्या वेशीवर लटकलं. नरगुंद पडल्यावर बाबासाहेब रानात निघून गेले, तेव्हा माग काढणारा हाच सूटर. 2 जूनला त्यानं त्यांना धरलं, 12 जूनला बेळगावात फाशी झाली. खून ते फाशी, जेमतेम पंधरवडा. तो माणूस मग नगरकडे आला, हेन्रीच्या खुर्चीवर बसला आणि हेन्रीला मारणाऱ्याच्या मागे लागला.

आजीच्या मते सूटरनं हेन्रीच्या कबरीवर हात ठेवून शपथ घेतली होती. हे मी कुठल्याही कागदात वाचलेलं नाही. हे आजीच्या पदरचं असावं, कारण तिच्या सगळ्याच गोष्टींत कोणी ना कोणी शपथ घ्यायचं. पण आप्पांनी या एका बाबतीत तिला कधी खोटं पाडलं नाही. का, ते मला फार उशिरा कळलं.

1969 च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं. आप्पांची ट्रंक भिजली. सनदा, पट्टे, सर्टिफिकिटं, सगळ्याचा लगदा झाला. ओट्यावर ते कागद वाळत घालताना आप्पा एकाएकी बोलायला लागले. तरुणपणी त्यांच्याबरोबरचा एक शिपाई दरोडेखोरांच्या हातून मेला होता. दोघं एका खोलीत राहायचे, एका तव्यावर भाकऱ्या थापायचे. मारेकरी सापडला आणि पहिल्याच रात्री कोठडीवर पहारा आला तो आप्पांचा. मध्यरात्री तो पाणी मागायला लागला. किल्ली आप्पांच्या कमरेला, काठी हातात, ठाण्यात दुसरं कोणी जागं नाही. "पळत होता म्हणून मारला, एवढं लिहिलं असतं तर कोणी विचारलं नसतं," आप्पा म्हणाले. त्यांनी पाणी दिलं. हातात नाही, गजांतून आत सरकवलं. सकाळी फौजदाराला सांगून आपला पहारा बदलून घेतला. आजीला ही गोष्ट ठाऊक होती की नाही कोण जाणे. ती आत बळदातलं भिजलेलं धान्य उपसत होती.

26 ऑक्टोबर 1859 ला भागोजीनं कोपरगाव तालुक्यातलं कोऱ्हाळं लुटलं. अठरा हजारांचा ऐवज गेला. सूटर पाठीवर होताच. 11 नोव्हेंबरला सिन्नर तालुक्यात मिठसागऱ्याला त्यानं टोळी गाठली. हातघाईची लढाई झाली आणि तीत भागोजी पडला, साथीदारही पडले. आजीचे आजोबा म्हणे दुसऱ्या दिवशी तिथे गेले होते. काय बघितलं ते त्यांनी घरात सांगितलं नाही, म्हणून आजीकडेही गोष्ट तिथेच संपायची. शेंगोळे झालेले असायचे. वरून कच्चं तेल घालून ती ताटं पुढे सरकवायची.

सूटरच्या मनात त्या दिवशी काय होतं, हे मी आप्पांच्या त्या रात्रीवरून जोखतो. नरगुंदच्या बाबासाहेबांना त्यानं जिवंत धरलं, म्हणजे हात आवरणं त्याला जमत होतं. मिठसागऱ्याला समोरच्यानं शरण यायची तयारी दाखवली नसेल, हेही खरं असू शकेल. पोटचा पोर गेलेला माणूस हत्यार खाली ठेवतो कशाला? सूड दोन्हीकडे होता. सरकारी दप्तरात त्याचं नाव बंदोबस्त, आमच्याकडे बंड.

सूटरचं पुढे भलं झालं. 1864 मध्ये तो मुंबईचा पोलीस कमिशनर झाला आणि 1888 पर्यंत त्या जागेवर राहिला, सर ही पदवीही मिळाली. शोध कसा घ्यावा हे त्या काळात त्याच्याइतकं थोड्यांनाच कळत असेल, हे आप्पांसारखं मीही मान्य करतो. पण भागोजी जिवंत सापडायला हवा होता. नगरच्या कचेरीत त्याला उभं केलं असतं तर फाशी टळली नसतीच; मात्र पोलीस खात्याकडे त्याचा दोन वर्षांचा पगार थकला होता, हे त्याच खात्याच्या साहेबासमोर त्याला स्वतःच्या तोंडानं सांगता आलं असतं.